जत्रेच्या दिवशीचा डाग

जे दिसलं

डाग एवढासा होता. नखावर मावेल एवढा. रंग लालही नाही. चहा सांडून वाळला की होतो तसा तपकिरी.

स्वप्नालीनं तो बिरोबाच्या जत्रेच्या दिवशी सकाळी पाहिला. न्हाणीत. बाहेर चुलीवर पुरणाचं पातेलं चढलेलं, अंगणात भावकीतल्या बायका, ओट्यावर ढोलाच्या दोऱ्या ताणत बसलेली पोरं. सासू वच्छलाबाई हाका मारत होती, "स्वप्ने, झालं का गं? निवदाचं ताट तुझ्या हातनं जायचंय. नवी सून हायेस."

गप्प बसता आलं असतं.

थोरली जाऊ शितल गप्प बसली असती. शितल दर वर्षी जत्रेच्या आधी वरवंडच्या मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणायची, आणि गोळीनं दगा दिला तर कुणाला सांगायची नाही. आदल्याच दिवशी पोळ्यांची कणीक मळताना तिनं स्वप्नालीला शिकवलंही होतं, "देव काय वाकून बघतो व्हय?"

पण स्वप्नाली शिरूरकडची. तिच्या माहेरी हे असलं कुणी पाळत नव्हतं. म्हणूनच तिला भीती वाटली. पाळणाऱ्यांच्या घरात आपण मोडलं आणि उद्या कुणाची म्हैस जरी मेली तरी बोट आपल्याकडे येईल, असं तिला वाटलं. तिनं सांगितलं.

वच्छलाबाईनं उलथनं खाली ठेवलं. "आजच? देवा." मग अंगणातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं, "धाकटी बाहेर बसली. शितल, निवद तू घे."

बाहेर म्हणजे गोठ्याशेजारची पत्र्याची खोली. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, खताच्या गोण्या, एक बाज. ताट लांबून सरकवलं जायचं. दुसऱ्या दिवशी डाग जवळजवळ नव्हताच, पण बसायचं म्हणजे पुरते दिवस बसायचं. येणारा प्रत्येक पाहुणा पत्र्याकडे बघून विचारायचा, "धाकटी दिसंना?" आणि वच्छलाबाई प्रत्येकाला कारण सांगायची. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. स्वप्नालीला तर बरंच वाटलं. आठवडाभर पाठ दुखत होती, ती जरा टेकली.

नवरा जत्रेला नव्हता. महेंद्र रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. लग्नापासून दोघं कारेगावात एका खोलीत राहत होती. कंपनीनं त्याला दोन महिन्यांसाठी गुजरातच्या नव्या प्लांटवर धाडलं. जत्रेच्या आदल्या दिवशी स्वप्नालीला वस्तीवर सोडून तो गेला.

आदल्या दिवशी.

जे मोजलं

"आत्या, मला वाटतंय, दिवस गेलेत."

वैशाखाचं ऊन. दारात वाळत घातलेल्या कुरडया. वच्छलाबाई उठली, डब्यातली साखर चिमटीत घेऊन आली आणि सुनेच्या तोंडात घातली. "ह्यो बिरोबाचाच परसाद. महेंदरला फोन लाव. न्हाई, थांब, मीच लावते."

फोन हातात घेतला आणि तिची बोटं हलायला लागली. नंबरावर नाही, पदराखाली. जत्रा. पत्र्याची खोली. मग आखितीचा सण, आखितीला सून माहेरी जाऊन आलेली. महेंद्र गुजरातला. बोटं पुढं गेली, मागं आली, थांबली.

"जत्रेला तू बाहेर बसली व्हतीस."

"व्हय."

"महेंदर तवा गेलेला."

"आदल्या दिवशी."

"त्यानंतर आला न्हाई."

"न्हाई."

"मग?"

स्वप्नालीला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा साखर अजून तोंडात होती. ती गिळता येईना आणि थुंकताही येईना.

जे मशीननं सांगितलं

दौंडच्या डॉक्टर बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे ठोके. छान आहेत. नववा आठवडा पूर्ण होत आला."

वच्छलाबाई पडद्याकडे बघतच नव्हती. "दिस कवा ऱ्हायलं, ते सांगा."

"तुमची जत्रा कधी होती म्हणालात? त्याच्या आधी. चांगलं आधी."

स्वप्नालीला टेबलावर पडल्या पडल्या रडू फुटलं. पोटावर लावलेली जेल गार, कानात उतरलेलं पाणी गरम. सुटले मी, असं तिला वाटलं.

"आधी ऱ्हायलं तर जत्रेला बाहेर कशी बसली ही?"

"ती पाळी नसणार," डॉक्टर म्हणाल्या. "गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजतो, तेव्हा काही जणींना थोडासा डाग जातो. नेमका पाळीच्या तारखेच्या आसपास. मग पाळीच आली असं वाटतं. पुष्कळ जणी फसतात. डाग जायला बाकीचीही कारणं असतात. पिशवीच्या तोंडाशी सूज असते, जंतुसंसर्ग असतो, कधी संबंधानंतर जातो. आणि कधी खरंच धोका असतो. गर्भ सुटायला लागलेला असतो, नाहीतर पिशवीत न राहता नळीत अडकलेला असतो. घरी बसून ते ओळखता येत नाही. म्हणून पुन्हा डाग दिसला, थोडा दिसला तरी, इकडे यायचं. कळलं का गं?"

"कळलं."

"पोटुशीला रगत जातं?" वच्छलाबाईला हसू आलं. "मला तीन पोरं झाली, डाक्टरीणबाई. चार जावा माझ्या. एकीला बी कवा गेलं न्हाई."

"सांगितलं नसेल तुम्हाला."

ते वच्छलाबाईला लागलं. ती तडक दवाखान्याच्या बाहेर आली. बाहेर सासरा ज्ञानूआबा पिकअपला टेकून उभा होता. भावकीत बांधावरून, वाटणीवरून भांडण झालं की निवाड्याला आबालाच बोलावतात. आवाज चढवत नाही म्हणून लोकांना तो न्यायी वाटतो. त्यानं बायकोचं सगळं ऐकून घेतलं.

"पोर जत्रेआधीचं, तर बाहेर बसली ते खोटं," आबा शांतपणे म्हणाला. "बाहेर बसली ते खरं, तर पोर…" पुढचं बोलला नाही. ते बोलायची त्याची रीत नाही.

"मामा, दोन्ही खरं हाय. बाई म्हणाल्या ना."

"बाई मशीनीतलं सांगत्यात. मशीनीला काय?"

"मग मी भंडारा उचलते. आत्ता चला देवळात."

या घरात त्याच्या पुढं काही नाही. बिरोबासमोर ओंजळीत बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन जो बोलतो, त्याला पुन्हा कुणी विचारत नाही. जमिनीचे तुकडे त्यावर इकडचे तिकडे झालेत.

"काय म्हणून उचलणार?"

"दोन्ही खरं म्हणून."

"दोन्ही खरं नसतं, पोरी," आबा म्हणाला. मायेनंच म्हणाला. "एक ठरव. मग उचल."

जे पाठ करून घेतलं

महेंद्र रजा काढून आला. त्यानं मोबाईलवर सगळं वाचलं होतं. डॉक्टर म्हणतात तसं असतं, हे त्याला पटलं होतं. त्यानं ते आईला दाखवलंही. आई म्हणाली, मोबाईलमधी काय बी असतं.

दार लोटून दोघं बसली.

"म्हण. जत्रेला मी बाहेर नव्हते."

"जत्रेला मला डाग…"

"डाग नाही. डाग म्हणायचाच नाही. बाहेर नव्हते."

"जत्रेला मी बाहेर नव्हते."

"कामाचा कंटाळा आला म्हणून बसले."

"कंटाळा नव्हता आला. पाठ दुखत होती."

"मग ते म्हण. पाठ दुखत होती म्हणून खोटं बोलले. ते जरा बरं दिसतंय."

"खोटं बोलले नाही मी."

"मला माहितीय."

"मग?"

"मला माहिती असून काय उपयोग? मी भावकी आहे का? स्वप्ना, दोन्हीतलं हलकं ते आपण घ्यायचं. कामचुकार म्हणतील, चार दिवस हसतील. दुसरं काय म्हणतील ते तुला पाहिजे का?"

"तुम्ही त्यांना सांगा ना. माझा विश्वास आहे म्हणून."

"सांगितलं. आबा म्हणाले, तू तवा हितं नव्हतास."

त्यानं लोटलेलं दार नीट ओढून घेतलं.

"परत पहिल्यापासनं."

"जत्रेला मी बाहेर नव्हते. पाठ दुखत होती म्हणून खोटं बोलले."

"देवाजवळ माझी चूक झाली, पदरात घ्या."

"देवाची चूक झाली."

"देवाची नाही गं, देवाजवळ माझी. आणि आईला अजून एक पाहिजे. पोटुशीला कुठं येतं, हे पण म्हण."

"येतं की. बाईंनी समोर सांगितलं."

"म्हण."

"पोटुशीला कुठं येतं."

"जोरात. तिथं ढोल असतो."

जे देवापुढं म्हटलं

न अडखळता म्हटलं. रविवार होता. ओंजळीत पिवळाधमक भंडारा, वर बेलाचं पान, समोर आबा, मागं भावकी. आपलाच आवाज आपल्याला इतका खरा वाटू शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

वच्छलाबाईनं मोठ्यानं श्वास सोडला. "एवढंच व्हतं व्हय गं भवाने! माझा जीव नुसता टांगलेला." आणि सगळ्यांसमोर तिचं तोंड कुरवाळलं. एक चुलत सासू म्हणाली, "आमाला बी दुखती हो पाठ, पण आमाला नव्हतं सुचलं." हशा पिकला. महेंद्रही हसला. सुटल्यासारखा.

त्या दिवसापासून घरात तिला खायला प्यायला कमी नव्हतं. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, सांजच्याला दूध. फक्त बोलण्यावरचा भरवसा गेला. मीठ घातलं म्हणाली तरी वच्छलाबाई आमटी चाखून बघायची. कळशी उचलायला वाकली की शितल ओरडायची, "बघा हं, आता हिची पाठ दुखंल!" मजेतच. नखांच्या कडांतली हळद लवकर गेली नाही.

महेंद्र गुजरातचं उरलेलं काम आटपून कारेगावला परतला. गावातली हवा चांगली, तू बाळंतपणापर्यंत इथंच राहा, म्हणाला.

जे सांगितलं

तिसरा महिना संपत आलेला. शितलच्या पोराचं, रुद्रचं जावळ उद्यावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मामाच्या मांडीवर बसवून केस काढायचे, मग अख्ख्या भावकीला मटण भाकरी. घरात पिठाच्या पाट्या, कांद्याची पोती. सकाळी न्हाणीत स्वप्नालीनं पाहिलं. या वेळी लाल होतं. ओटीपोटात कुणी मूठ आवळत असल्यासारखं दुखत होतं.

थोडा दिसला तरी यायचं.

ती थेट सासूकडे गेली. वच्छलाबाई लसूण सोलत होती.

"आत्या, डाग गेलाय. लाल हाय. दौंडला जावं लागंल."

वच्छलाबाईनं मान वर केली नाही. "पाव्हणं यायच्या टायमालाच बरा जातो तुझा डाग."

"खरंच जातोय."

"तवा बी खरंच जात व्हता. पत्र्यात जाऊन बसली व्हतीस की." लसणाची पाकळी टोपलीत पडली. "पोटुशीला कुठं येतं, कोण म्हणलं व्हतं गं? भंडारा उचलून?"

"ते त्यांनी मला…"

"काय?"

ते त्यांनी मला म्हणायला लावलं. एवढंच बोलायचं होतं. बोलली असती तर देवापुढची शपथ मोडली असती, आणि नवऱ्याला त्यात ओढलं असतं, आणि पुन्हा तोच प्रश्न अंगणात येऊन बसला असता. पोर कुणाचं.

"काय न्हाई."

"मग भाकरीचं पीठ चाळून घे. बसून चाळ. उभी ऱ्हा म्हणत न्हाई मी."

शितलनं तिला गोठ्यामागं गाठलं. "दाखव." पाहिलं. तिचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, ही जाऊन सांगेल. शितलचं घरात ऐकलं जायचं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "थोडंच हाय. उद्याचं होऊ दे ना गं. माझ्या रुद्रचं हाय. मोडलं तर आत्या जल्मभर मलाच बोलतील." मग घरात गेली आणि कपाटातलं पॅड आणून दिलं. जवळ होतं ते तिनं दिलं.

फोनवर मागं मशीनचा आवाज येत होता.

"अहो, मला रक्त जातंय."

"आईला सांगितलंस?"

"त्या म्हणतात नाटक आहे."

"मग तू…" आवाज लांब गेला, कुणाला तरी हिंदीत काही ओरडला, परत आला. "हे बघ, आता परत घोळ नको घालू. मिटलंय ते. उद्या मी येतोच आहे जावळाला. परवा जाऊ दौंडला, मी स्वतः नेतो. पडून राहा."

"पडून राहू देत नाहीत."

"मग बसून राहा."

जे जावळाच्या दिवशी

भाकरी. भाकरी. भाकरी. शितल थापायची, स्वप्नाली भाजायची. जाळाची धग तोंडाला आणि खाली ओल. पॅड बदलायला उठली की कुणीतरी म्हणायचं, "चालली बघा." महेंद्र आला, दारातून हात केला आणि मटणाच्या पातेल्याकडे ओढला गेला. पहिली पंगत बसली. रुद्र मामाच्या मांडीवर आरडत होता, लोक हसत होते, बिरोबाच्या नावानं भंडारा उधळला जात होता. स्वप्नालीनं तवा उतरवला, हात धुतले आणि मागच्या बाजूनं उसातल्या वाटेनं निघाली. कुणी हाक मारली नाही. हायवेला एसटी मिळाली, पाटसला उतरून दौंडची सहा आसनी. शेजारच्या बाईनं केसांतला भंडारा बघून विचारलं, "जत्रा का?"

"जावळ," ती म्हणाली.

जे डॉक्टर म्हणाल्या

डॉक्टरांनी या वेळी पडदा वळवला नाही. बराच वेळ बघत राहिल्या.

"कधीपासून जातंय?"

"काल सकाळपासनं."

"मी काय सांगितलं होतं?"

"मी सांगितलं होतं त्यांना."

"एकटी आलीस?"

"घरी कार्य आहे."

सगळे संध्याकाळी पिकअपमधून आले. कपाळाला भंडारा, अंगाला मटणाचा वास. तोवर पिशवी साफ करून झाली होती. स्वप्नाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टर बोलल्या ते तिच्यासाठी, पण उभे राहून ऐकणारे दुसरेच होते.

"ठोके काही दिवसांपूर्वीच थांबले असणार. रक्त नंतर सुरू झालं. काल आणली असती तरी बाळ वाचलं नसतं. पहिल्या तीन महिन्यांत असं झालं तर बहुतेक वेळा गर्भाच्या जडणघडणीतच दोष असतो. काम केल्यानं, वाकल्यानं, काही खाल्ल्यानं असं होत नाही. तिचा यात काही दोष नाही. कुणाचाच नसतो."

"कुणाचाच न्हाई ना?" वच्छलाबाईनं विचारलं.

"नाही. पण रक्त वाढलं असतं तर हिच्या जिवावर बेतलं असतं. ती एकटी बसनं आली. हे कसं झालं?"

पुढचं वच्छलाबाईला ऐकू आलं की नाही, कोण जाणे. ती व्हरांड्यात जाऊन फोन लावत होती. "व्हय गं. न्हाई, वाचण्यासारखं नव्हतंच. काल आणली असती तरी नसतं वाचलं. डाक्टरीणबाईनं मशीनवर बघून सांगितलं. मशीनवर. कुणाचाच दोष न्हाई म्हणाली." फोन ठेवला. दुसरा लावला. तेच वाक्य, तसंच. तिला ते कुणी पाठ करून घ्यायला लागलं नाही.

जे

पत्र्याची खोली. बाज. ठिबकच्या नळ्या. या वेळी तिला कुणी खरं का खोटं विचारलं नाही. ताट लांबून येतं, त्यात तूप जास्त असतं.

ओट्यावर ज्ञानूआबा बसलेला. दोन दिवस तो कमी बोलत होता. आत वच्छलाबाईनं सूप हातात घेतलेलं, गहू पाखडण्याचा आवाज.

"म्हंजी पोटुशीला जातं," आबा म्हणाला.

"जात आसंल. डाक्टरीण म्हणती म्हंजी."

"मग जत्रेला गेलं ते खरं आसंल."

सुपाचा आवाज थांबला. पत्र्याच्या आत स्वप्नाली उठून बसली. महिनाभर जे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते आता तिच्या न सांगता शिरलं होतं. आता हाक मारतील, असं तिला वाटलं. तिनं पदर सारखा केला. केसांवरून हात फिरवला.

"म्हंजी भंडारा खोटा उचलला तिनं," आबा म्हणाला.

"आगं आई गं." वच्छलाबाईनं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. "म्हणूनच."

"म्हणूनच."

दोघांच्याही आवाजात राग नव्हता. कारण सापडलं होतं.

दुपारी महेंद्र आला. उंबऱ्याबाहेरच थांबला, आत यायचं नसतं म्हणून. हातातला मोबाईल उलटसुलट करत राहिला.

"बरं वाटतंय का?"

"हां."

"आबा म्हणतात, येत्या रविवारी देवापुढं एकदा… म्हणजे चूक मान्य करायची. खोटी शपथ घेतली म्हणून. तेल वाहायचं, नारळ फोडायचा. पुढच्या वेळी अडचण नको. एवढंच." तो थोडा वाकला, आवाज खाली आणला. "फक्त ते मी सांगितलेलं होतं, हे नको काढू. म्हणजे आबांसमोर. कळलं ना?"

स्वप्नालीनं आपल्या बोटांकडे बघितलं. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या.

"बरं," ती म्हणाली. "काय म्हणायचं ह्या वेळी? पाठ करून घ्या."

तो काहीच ठरवून आला नव्हता. त्यानं मोबाईल खिशात घातला, परत काढला.

"सांगा की. डाग म्हणायचा का नाही म्हणायचा?"